कैफियत आपली, निवाडा परस्थळी

एखाद्या व्यक्तीविषयी, संस्थेविषयी किंवा व्यवसायाविषयी ज्याला इतरांहून अधिक ठाऊक असते, त्यानेच सार्वजनिक ज्ञानकोशात त्या विषयावर लिहिताना हात आखडता घ्यावा, हा दंडक प्रथमदर्शनी अन्यायाचा वाटतो. आणि ज्या हुबळी-धारवाडात गंगूबाई हनगल, मल्लिकार्जुन मन्सूर व बसवराज राजगुरू यांच्या शिष्यपरंपरेतले गायक, द. रा. बेंद्रे यांचा सहवास लाभलेले रसिक आणि जी. ए. कुलकर्णी यांच्या इंग्रजीच्या वर्गात बसलेले विद्यार्थी आजही भेटतात, तेथे तर तो विशेषच खुपतो. विकिपीडियावर आपल्या गुरुजींवरचा लेख उघडावा, त्यात जन्मसाल चुकलेले, रियाजाविषयी अवाक्षर नाही, आणि भलत्याच एका कार्यक्रमाला परिच्छेदच्या परिच्छेद दिलेले पाहावेत, व ‘संपादन’ या शब्दाकडे बोट आपसूक वळावे, यात अस्वाभाविक असे काहीच नाही. तरीही ते बोट तेथेच थांबले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला आणि १ मे २००३ पासून तो मराठीतही नांदतो आहे. तत्पूर्वीचे आपले कोश निराळ्या रचनेचे होते. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशामागे केतकरांचे नाव जबाबदार म्हणून उभे होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाईस सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशात नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव छापलेले असते, आणि तो कोण, कोठला, त्याचा विषयाशी काय संबंध, याचा अंदाज वाचकाला त्या नावावरून बांधता येतो. विकिपीडियाच्या लेखाखाली सही नसते. प्रत्येक बदल ‘इतिहास’ या पानावर दिनांक-वेळेसह नोंदला जातो हे खरे. परंतु तेथे बहुधा एखादे टोपणनावच दिसते, आणि त्या नावाआड दुकानाचा मालक आहे, पक्षाचा कार्यकर्ता आहे, की मोबदला घेऊन लिहिणारा मनुष्य आहे, हे त्याने स्वतः सांगितल्यावाचून वाचकाला उमगत नाही. नाव सांगण्याची सक्ती नाही. संबंध मात्र उघड करावा, एवढीच अपेक्षा असते. मोबदला घेऊन लिहिणाऱ्याच्या बाबतीत ती नुसती अपेक्षा राहिलेली नाही. आपला मालक कोण, अशील कोण आणि संबंध काय, हे जाहीर करणे २०१४ पासून विकिमीडिया प्रतिष्ठानच्या वापराच्या अटींनीच बंधनकारक केले आहे.

आपली बाजू संबंध सांगून मांडावी आणि निर्णय इतरांवर सोडावा, हा विवेक आपल्याला परका नाही. वतनाच्या तकरारी मराठेशाहीत कशा निवडल्या जात, हे वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात तपशीलवार दाखविले आहे. पाटीलकीचा किंवा कुलकर्णाचा वाद उभा राहिला, म्हणजे वादी व प्रतिवादी आपापली कैफियत लिहून देत, निवाडा मानण्याबद्दल राजीनामा लिहून देत, जामीन देत, दप्तरातील कागद पुढे करीत. कैफियत ही त्या पक्षाचीच बाजू असे, आणि तीत पूर्वजांचा पराक्रम, भाऊबंदांची लबाडी, दुष्काळात परागंदा झाल्याची कहाणी सारे काही येई. त्याबद्दल कोणी त्याला दोष देत नसे, कारण ती कैफियत होती. निवाडा मात्र गोतसभा, म्हणजे वतनदार-बलुतेदारांची सभा, करी. त्याचा महजर, म्हणजे निवाडपत्र, होई, आणि त्यावर देशमुख-देशपांड्यांच्या नावांबरोबर पाटलाचा नांगर व बलुतेदारांच्या हत्यारांच्या निशाण्या उमटत. त्याहून मोलाची गोष्ट अशी, की गावच्या गोताला एका पक्षाचा दाब आहे अशी दुसऱ्याची शंका असली, तर प्रकरण परस्थळी, म्हणजे जेथे दोघांचेही वजन चालत नाही अशा ठिकाणी, नेण्याची मुभा असे. ज्याचे वतन त्याने बोलावे आणि त्या वतनात ज्याचे हित नाही त्याने ठरवावे, ही विभागणी त्या काळच्या पाटलालाही समजत होती.

विकिपीडियावर कैफियतीची जागा म्हणजे प्रत्येक लेखाला जोडलेले चर्चापान. समजा, धारवाडातील पेढ्याच्या एका जुन्या दुकानदाराच्या नातवाला लेखात स्थापनेचे साल चुकलेले आढळले. त्याने थेट लेखात हात घातला, तर सालाबरोबर ‘आमच्या पणजोबांनी धारवाडी पेढ्याला जगभर कीर्ती मिळवून दिली, अस्सल पेढा आजही येथेच मिळतो’ हे वाक्यही उतरणार, त्यात लबाडी नसेल, घराण्याचा अभिमान असेल, पण कोशाच्या दृष्टीने परिणाम एकच. त्याऐवजी त्याने चर्चापानावर लिहावे: ‘मी या दुकानाच्या मालकांचा नातू आहे. लेखातील स्थापनेचे साल चुकीचे आहे. अमुक वर्तमानपत्राच्या अमुक तारखेच्या अंकात, अमुक पानावर योग्य साल छापलेले आहे. पडताळून उचित वाटल्यास दुरुस्ती करावी.’ मग ज्याचा त्या दुकानाशी संबंध नाही असा एखादा संपादक तो अंक पाहील, साल दुरुस्त करील, आणि ‘कीर्ती’ व ‘अस्सल’ हे शब्द बाहेरच ठेवील. येथे पुरावा प्रसिद्ध झालेला आणि कोणालाही पाहता येण्याजोगा लागतो. घरच्या पेटीतील परवाना किंवा आजोबांची रोजनिशी कितीही खरी असली, तरी ती आधी कोठेतरी प्रसिद्ध व्हावी लागते. अपवाद थोडे आहेत. शुद्धलेखनाची चूक, कोणी खोडसाळपणे घुसडलेली शिवी, हयात व्यक्तीविषयीचे निराधार बदनामीकारक विधान, ही संबंधिताने स्वतःही तत्काळ काढावीत. तेथे कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही.

या संयमावाचून काय घडते, याचे दाखले दूरचे नाहीत. विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी स्वतःवरच्या लेखात फेरफार केल्याचे २००५ साली उघडकीस आले, आणि आपण ते करावयास नको होते असे त्यांना म्हणावे लागले. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ प्लॅनिंग अँड मॅनेजमेंट या संस्थेवरील व संबंधित लेखांत वर्षानुवर्षे पक्षपाती संपादन केल्याच्या ठपक्यावरून इंग्रजी विकिपीडियाच्या एका प्रचालकाला तेथील लवाद समितीने २०१५ साली पदावरून दूर करून बंदी घातली. प्रवेशाचे लक्षावधी रुपये भरण्यापूर्वी जो विद्यार्थी असा लेख वाचतो, त्याची हानी कोणत्या निवाड्याने भरून निघणार? त्याच वर्षी पैसे घेऊन लेख लिहिणाऱ्या टोळीची ३८१ खाती एकदम बंद करण्यात आली. ती टोळी लहान व्यावसायिकांकडून लेखाच्या ‘संरक्षणा’साठीही पैसे उकळीत होती.

परंतु आस्था आणि हितसंबंध यांची गल्लत होता कामा नये. हुबळीत राहणाऱ्याने हुबळीवर लिहिणे हा हितसंबंध नव्हे. तेथील रेल्वे स्थानकाचा १,५०७ मीटर लांबीचा फलाट जगात सर्वांत लांब ठरला, हे त्याने आधार देऊन अवश्य लिहावे. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी आणि काव्याची भाषा कन्नड. १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना कन्नड काव्यासाठी मिळाला. त्यांच्यावर लिहिताना मराठी माणसाचा हात पहिल्या वाक्यावर आणि कन्नड माणसाचा दुसऱ्यावर थोडा अधिक रेंगाळेल, तर त्यावर उपाय बंदी हा नसून दोघांनी एकमेकांचे लेखन तपासावे हा आहे. सीमाप्रश्नाच्या लेखांनाही हेच लागू आहे. याउलट, नात्याची गोष्ट वेगळी. जी. एं.च्या भगिनी नंदा पैठणकर यांनी ‘प्रिय बाबुआण्णा’ हे आठवणींचे पुस्तक आपल्या नावाने प्रसिद्ध केले, हा मला आप्ताने लिहिण्याचा सर्वांत उमदा मार्ग वाटतो. सही करून दिलेली ती जबानी आता कोणीही तटस्थ संपादक आधार म्हणून, तिचे स्वरूप ओळखून, वापरू शकतो. आणि स्वतः जी. एं.नी काय केले? ‘काजळमाया’ला मिळालेल्या साहित्य अकादमी पुरस्काराबाबत पुस्तकाच्या प्रकाशनतारखेवरून वाद निघाला, तेव्हा त्यांनी तो पुरस्कार परत केला. ज्या धारवाडने असा माणूस जवळून पाहिला, तेथे हितसंबंधाचा विचार नव्याने शिकविण्याची गरज पडू नये.

खरी अडचण निराळीच आहे, आणि ती नियम लिहिणाऱ्यांना फारशी जाणवत नसावी. इंग्रजी विकिपीडियावर चर्चापानावरच्या विनंतीला उत्तर देणारे पुष्कळ; मराठीत नित्याने लिहिणारे हात थोडे, आणि तेथे नातवाने प्रामाणिकपणे मांडलेली कैफियत महिनोन्महिने अनुत्तरित पडून राहू शकते. अशा वेळी कंटाळून तो स्वतःच लेखात उतरला, तर दोष एकट्या त्याचा कसा म्हणावा? उत्तर आले नाही तर मराठी विकिपीडियाच्या ‘चावडी’ या सामायिक चर्चास्थळी विषय न्यावा, तेथेही आपला संबंध सांगावा, आणि थांबावे. पण गोतसभेला कोणी आलेच नाही, तर महजर होणार कसा? म्हणून ज्यांच्या घरी गायकांच्या मैफलींची कात्रणे, शाळांच्या शताब्दीच्या स्मरणिका, जुन्या नियतकालिकांचे अंक आहेत त्यांनी ते आधार चर्चापानावर मांडावेत. आणि ज्यांचा धारवाडच्या त्या दुकानाशी, त्या संस्थेशी, त्या घराण्याशी काडीचाही संबंध नाही अशा बेळगाव, सांगली, पुणे, पणजी येथील वाचकांनी आठवड्यातला एखादा तास काढून परक्या गावच्या लेखांची चर्चापाने उघडावीत, तेथील विनंत्या पडताळाव्यात, आणि होय की नाही ते कारणासह लिहावे.