एकट्यानें माथेरानास

कुटुंबासह तीर्थयात्रा करावी, लग्नकार्यासाठीं परगांवीं जावें, मुलाच्या नोकरीच्या गांवीं महिना-दोन महिने राहून यावें, हें सर्व आपल्या घरांतून रूढ आहे. परंतु साठी उलटलेल्या माणसानें “मी चार दिवस एकटाच डोंगरावर जाऊन येतों,” असें म्हटलें कीं सारें घर चमकून त्याच्याकडे पाहूं लागतें. सुनेला वाटतें, आपलें कांहीं चुकलें. मुलाला वाटतें, वाटेंत प्रकृति बिघडली तर काय. आणि शेजाऱ्यांना वाटतें, घरांत कांहीं तरी बिनसलेलें दिसतें. या शंकांना उत्तर द्यावें व असा प्रवास नीट कसा आंखावा तेंहि सांगावें, हा या लेखाचा हेतु आहे.

संस्कृत भाषेंत ‘एकाकी’ आणि ‘एकान्त’ असे दोन शब्द आहेत. एकाकी म्हणजे ज्याला सोबत नाहीं तो. एकान्त म्हणजे निर्जन स्थळ. परंतु एकाच गोष्टीकडे लागलेलें, असाहि त्या शब्दाचा अर्थ आहे. एकाकीपण नशिबीं येतें. एकान्त मागून घ्यावा लागतो. बारा माणसांच्या घरांत मनुष्य एकाकी असूं शकतो, एकान्त मात्र त्याला घटकाभरहि मिळत नाहीं. म्हणून एकट्यानें प्रवासास निघणें हा घरावरील रुसवा नव्हे. घरांत जें मिळणें शक्य नाहीं तें आणावयास जाणें आहे.

स्थळ निवडतांना एकच कसोटी लावावी: तेथें घाई नसावी. या कसोटीला माथेरानासारखें दुसरें गांव आपल्याकडे क्वचितच उतरेल. समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटर उंचीचें हें पठार १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांच्या नजरेस आलें व पुढें तेथें थंड हवेचें गांव वसलें. तेथें मोटारीला मज्जाव आहे. रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला तर सर्व मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. २००३ सालीं केंद्र सरकारनें हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. परिणामीं तांबड्या मातीचे रस्ते, त्यांवर जांभूळ, हिरडा, अंजनी यांची सावली, आणि घोड्यांच्या टापांचा आवाज, एवढेंच तेथें राहिलें आहे. ज्या गांवांत सर्वांनाच पावलाच्या गतीनें चालावें लागतें तेथें म्हाताऱ्याला आपण मागें पडलों असें वाटत नाहीं.

आतां मार्ग. मुंबईकरानें कर्जतकडे जाणारी लोकल धरून नेरळला उतरावें. पुण्याहून येणाऱ्यानें कर्जतला उतरून लोकलनें नेरळला यावें. नेरळहून अरुंद रुळांची छोटी गाडी डोंगर चढते. ही रेल्वे अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनीं बांधविली व ती १९०७ सालीं सुरू झाली. सुमारें २१ किलोमीटरांच्या अंतरास तिला दोन-अडीच तास लागतात. परंतु ज्याला घाई आहे त्यानें माथेरानास जाऊंच नये! गाडींत जागा थोड्या, म्हणून स्थानकावर लौकर पोहोचावें. ती न मिळाल्यास नेरळहून भाड्याच्या मोटारीनें दस्तुरीपर्यंत जातां येतें. तेथें गांवांत शिरण्याचा कर भरून शेजारच्या अमन लॉज स्थानकावरून गाडीनें किंवा पायीं गांव गांठावें. पावसाळ्यांत नेरळपासूनची गाडी बंद असते, अमन लॉज ते माथेरान मात्र चालते.

काळ कार्तिक-मार्गशीर्षाचा उत्तम. पाऊस उलटलेला, हवा स्वच्छ व दरीच्या तळापर्यंत हिरवळ टिकलेली असते. शनिवार-रविवार व सुटीचे दिवस कटाक्षानें टाळावे. निवृत्त माणसाला मंगळवार हाहि रविवारच आहे. सामान स्वतःला उचलवेल तेवढेंच घ्यावें. पांढरीं धोतरें व सदरे घरींच ठेवावे, कारण तांबडी धूळ धुण्यानें सहजीं जात नाहीं. काठी, विजेरी, कानटोपी, नेहमींचीं औषधें आणि एकच पुस्तक पुरे. खाण्याची पिशवी हातांत मिरवूं नये. तेथील माकडें कोणाची भीड ठेवीत नाहींत.

तीन रात्री मुक्काम करावा. माथेरानांत कड्यावरील प्रेक्षणीय जागा तीसहून अधिक आहेत. त्या सर्व पाहण्याचा हट्ट धरणें म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्रीं सारें पुस्तक पाठ करण्यासारखें आहे. एका पहाटे पॅनोरमा पॉइंटचा सूर्योदय, एका संध्याकाळीं पॉर्क्युपाइन पॉइंटचा सूर्यास्त, आणि मधल्या दिवशीं शार्लट तलाव व त्याच्या कांठचें पिसरनाथाचें देऊळ एवढें पुष्कळ झालें. उरलेला वेळ झाडाखालीं बसावें. नशीब बलवत्तर असेल तर शेंड्यावर शेकरूं दिसेल. कड्याच्या कांठाशीं मात्र जाऊं नये, आणि दिवेलागणीपूर्वीं मुक्कामावर परतावें.

एकट्या प्रवाशाला आणखी एक लाभ होतो: तो गांवकऱ्यांशीं बोलतो. कुटुंबासह गेलेला मनुष्य आपल्याच घराशीं बोलत राहतो. विठ्ठलराव ऊर्फ भाई कोतवाल हे १ डिसेंबर १९१२ रोजीं याच माथेरानांत एका नाभिक कुटुंबांत जन्मले, वकील झाले, १९४२ च्या लढ्यांत त्यांनीं आझाद दस्ता उभारला आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. पाहुण्यांची सेवा करून पोट भरणाऱ्या घरांतून असा पुरुष निघाला, हें कळलें म्हणजे घोडेवाल्याकडे व हमालाकडे पाहण्याची आपली दृष्टि बदलते. माणसानें ओढावयाची हातरिक्षा येथें पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ऑगस्ट २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती सहा महिन्यांत बंद करण्याचा व ओढणाऱ्यांना विजेवरील रिक्षांचा रोजगार देण्याचा आदेश दिला. ज्याचे पाय चालतात त्यानें तेथें पायींच चालावें, हें उत्तम.

घरच्यांच्या काळजीस अवमानूं नये. उतरण्याच्या जागेचा पत्ता व दूरध्वनि क्रमांक घरीं लिहून ठेवावा. औषधांची यादी व मुलाचा क्रमांक आपल्या खिशांत असावा. दररोज रात्रीं आठ वाजतां एकदां बोलावें, आणि एकदांच बोलावें. तासातासाला “जेवलांत कां?” असें विचारणें चालूं झालें तर मनुष्य डोंगरावर असूनहि स्वयंपाकघरांतच राहतो.

शेवटीं, ज्यासाठीं ही लेखणी उचलली तें सांगतों. आजोबांनीं हट्ट धरला तर चार दिवस त्यांना मिळतील. परंतु आजींचें काय? पन्नास वर्षें जिनें सर्वांना वाढून मग पान घेतलें, ती आपल्या मनानें एक दिवस तरी उठली किंवा झोंपली आहे काय? “तिला एकटीला करमणार नाहीं,” असें आपण म्हणतों. तिला कोणी विचारलेलें नसतें. शिवाय एक कठोर सत्य आहे. पति-पत्नींपैकीं कोणी तरी एक मागें राहावयाचें असतें, आणि बहुधा मागें राहते ती स्त्रीच. त्या दिवशीं एकाकीपण न विचारतां दाराशीं येईल. तत्पूर्वीं दोघांनींहि एकान्ताची थोडी ओळख करून घेतलेली बरी.

म्हणून वाचकांना विनंति एवढीच, कीं येत्या कार्तिकांत घरांतील एका वडील माणसाला चार दिवस मोकळे द्यावे, आणि पुढच्या खेपेस तिकीट घरांतील बाईच्या नांवें काढावें. चहा त्या चार दिवसांत कोणी तरी करीलच.