टाकी भरली की जीप दमते!

जुन्या जीपच्या मालकाची एक ठरलेली तक्रार असते : 'गाडी चढावर ओढत नाही.' नाशिकला ही तक्रार नवीन नाही. सातपूरला महिंद्रांचा कारखाना, आजूबाजूला डोंगर आणि द्राक्षबागांच्या कच्च्या वाटा, त्यामुळे फोर-व्हील ड्राइव्हच्या जुन्या डिझेल जीप या भागात अजूनही दिसतात.

आमच्या एका शिक्षक मित्राने अशीच एक जीप घेतली. ती किती हातांतून आली होती ते त्यालाही ठाऊक नव्हते. नांदुरीहून सप्तशृंगगडाचा सुमारे दहा किलोमीटरचा घाट चढताना ती अर्ध्यावर दमे. ॲक्सिलरेटर तळाला लावला तरी वेग उतरत जाई. दहा मिनिटे थांबले की काहीही न करता पुन्हा नीट चाले. गॅरेजमधले निदान होते, 'इंजिनाचे काम काढावे लागेल.' खर्च जवळजवळ जीपच्या किमतीएवढा होता. मित्र गाडी भंगारात द्यायला निघाला, तेव्हा एक रविवार आम्हाला दे, अशी विनंती आम्ही केली.

पहिला प्रश्न असा, की शक्ती निर्माणच होत नाही, की निर्माण होऊन वाटेत कुठे खर्च होते? याचे उत्तर मिळवायला इंजिन उघडावे लागत नाही. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेग घेऊन गिअर न्यूट्रल करायचा आणि वेग २० वर यायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. परतताना उलट दिशेनेही मोजायचे, म्हणजे वाऱ्याचा आणि नकळत असलेल्या उताराचा परिणाम वजा होतो. (हा प्रयोग घाटात चुकूनही करू नये.) ब्रेक चिकटून राहिले असतील तर वेग भराभर उतरतो आणि ते चाक इतरांपेक्षा बरेच गरम लागते. जीपमध्ये आणखी एक शक्यता असते. अशा बहुतेक जुन्या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांमध्ये डिफरन्शियल नसते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत ती थोडी घसरून हा फरक भरून काढतात, पण कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो. फोर-व्हीलचा दांडा चुकून टाकलेला राहिला, तर इंजिनाची बरीच शक्ती टायर घासण्यात आणि दंड पिळण्यात जाते. या जीपमध्ये तसे काही नव्हते. म्हणजे दोष इंजिनाकडे किंवा त्याला मिळणाऱ्या हवा-इंधनाकडे होता.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवेला तिच्या मूळ आकारमानाच्या साधारण विसाव्या भागात दाबतो, हवा ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल पेट घेते. हवा कमी पडली तर न जळलेला कार्बन काळ्या धुराच्या रूपाने बाहेर येतो. रिंगा झिजून वंगण जळू लागले तर धूर निळसर दिसतो. डिझेल न पेटताच बाहेर पडत असेल तर पांढरा. घाटात मागून दुसऱ्या गाडीने येऊन आम्ही धूर पाहिला. जीप दमली तेव्हा धूर जवळजवळ नव्हताच! हवा पुरेशी आहे, जाळायला डिझेलच पोहोचत नाही, असा याचा अर्थ. शिवाय दहा मिनिटांच्या विश्रांतीने झिजलेल्या रिंगा बऱ्या होत नाहीत.

(नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे आणि तेथील हवा पाच-सहा टक्के विरळ असते. तेवढी शक्ती तेथे प्रत्येक साध्या डिझेल इंजिनाची कमी होतेच. पण ती कायमची असते, दहा मिनिटांपुरती नव्हे.)

डिझेल न पोहोचण्याचे पहिले कारण म्हणजे तुंबलेला फिल्टर. पण मित्राने एक गोष्ट सहज सांगितली होती आणि गॅरेजमध्ये ती कोणी मनावर घेतली नव्हती. वणीला टाकी भरून घाट चढला की त्रास हमखास होई, अर्ध्या टाकीवर मात्र क्वचितच. त्यावरून त्याने डिझेलमध्ये भेसळ असल्याचा संशय घेऊन पंपही बदलून पाहिला होता.

आता बॉईलचा नियम आठवावा. टाकीतून जितके डिझेल जाते तितकी हवा आत यावी म्हणून टाकीच्या झाकणाला बारीक छिद्र असते. ते बुजले असे समजू. चढावर लिटरला पाच किलोमीटर धरले तर पाच किलोमीटरांत एक लिटर डिझेल खर्च होते. भरलेल्या टाकीत डिझेलच्या वर ३ लिटर हवा असेल तर ती फुगून ४ लिटर होते. तिचा दाब पाऊणपट होतो, म्हणजे २५ टक्के घट. अर्ध्या टाकीत २३ लिटर हवा असेल तर ती २४ लिटर होते आणि घट जेमतेम ४ टक्के! पाऊणपट दाबाच्या टाकीतून डिझेल ओढताना जुन्या पडद्याचा पंप हरतो. (पेट्रोल असते तर त्याची वाफ होऊन ही तूट थोडी भरली असती.)

मग सपाटीवर त्रास का नव्हता? छिद्र पूर्ण बुजलेले नव्हते. सपाटीवर दर मिनिटाला लागणारे डिझेल चढाच्या जवळजवळ निम्मे असते आणि तेवढी हवा छिद्रातून कशीबशी आत येई. दहा मिनिटांच्या विश्रांतीचे गुपितही हेच.

पुढच्या फेरीत टाकी भरून निघालो. गाडी दमताच थांबवून झाकण सैल केले, तेव्हा 'फुस्स' करून हवा आत शिरली. जीप लगेच पूर्ववत ओढू लागली. झाकण उलटून पाहिले तर छिद्र गंज आणि मातीच्या लगद्याने भरलेले होते. फिल्टर आम्ही मुद्दामच बदलला नव्हता. दोन्ही गोष्टी एकदम केल्या असत्या तर गुण कशाने आला ते कळले नसते. छिद्र साफ करून, टाकी काठोकाठ भरून पुन्हा घाट चढलो. जीप न थांबता गडावर पोहोचली.

वर्गात हे दाखवायला २० मिलिलिटरची, सुई नसलेली सिरिंज पुरते. आत ३ मिलिलिटर हवा ठेवून तोंड बोटाने घट्ट दाबावे आणि दट्ट्या ४ पर्यंत ओढावा. मग १५ वरून १६ पर्यंत ओढावा. दोन्ही वेळा दट्ट्या एकच मिलिलिटर सरकतो, पण पहिल्या वेळी किती जोर लागतो ते विद्यार्थ्यांच्या बोटांनाच कळते.