एक काडतूस, अनेक नळ्या

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात रॉचेस्टर नावाचं गाव आहे. तिथल्या के. डब्ल्यू. थॉम्पसन टूल कंपनीनं १९६७ साली एक पिस्तूल बाजारात आणलं. त्याचा रचनाकार वॉरन सेंटर, म्हणून शस्त्राच्या धंद्याचं नाव पडलं थॉम्पसन/सेंटर आणि पिस्तुलाचं कन्टेंडर. त्याला मॅगझिन नाही, रिव्हॉल्व्हरसारखं फिरतं चक्र नाही. दुनळी बंदुकीसारखं ते मधून मोडायचं, एक काडतूस भरायचं, मिटायचं, घोडा ओढायचा आणि चाप दाबायचा. दुसरा बार काढायचा तर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. तरीही गिऱ्हाईक तुटून पडलं, कारण बिजागरीची एक खीळ काढली की नळी हातात येते आणि तिच्या जागी वेगळ्या बोअरची दुसरी नळी बसते. काडतुसाच्या कडेवर आघात करायचा की मधोमध, ते घोड्यावरची कळ ठरवते. सकाळी .२२ची नळी लावून स्वस्तात सराव करावा आणि दुपारी हरणाच्या शिकारीला पुरेल अशी जाड नळी चढवावी, मूठ आणि चाप मात्र तेच.

या रचनेत खरी हुशारी आहे. माशी किंवा दुर्बीण नळीवरच बसवलेली असते, त्यामुळे नळी काढून पुन्हा लावली तरी तिचा जुळवलेला नेम फारसा बिघडत नाही. मागेपुढे सरकणारे भाग नसल्यानं नळी लांब ठेवता येते आणि रायफलीची काडतुसंही हातातून झाडता येतात. १९७६ साली अमेरिकेत हँडगन सिल्हूट नेमबाजीची संघटना उभी राहिली. त्या खेळात लोखंडी कोंबडी ५० मीटरवर, डुक्कर १०० वर, टर्की १५० वर आणि मेंढा २०० मीटरवर ठेवतात. पिस्तुलानं २०० मीटरवरचा मेंढा लोळवायचा! त्या मैदानावर कन्टेंडरनं नाव कमावलं.

तोटेही तिथल्या लोकांना ठाऊक आहेत. जड बोअरचा धक्का मनगट लक्षात ठेवतं. दुर्बीण चढवली की ते कमरेला लावायचं शस्त्र राहत नाही, आणि अंगावर कुणी चालून आलं तर एकच बार हाताशी असतो. शिवाय अशा शस्त्राची सगळी किंमत त्याच्या नळ्यांत असते आणि त्या नळ्या मुळात एका घराण्याच्या. स्मिथ अँड वेसननं २००७ साली थॉम्पसन/सेंटर विकत घेतली, २०२१मध्ये ती विकायला काढल्याचं जाहीर केलं आणि २०२४मध्ये ती जुन्या मुख्याधिकाऱ्याकडे परत गेली. मधली वर्षं मालक लोक जुन्या बाजारात नळ्या शोधत बसले.

हा व्हिडिओंचा जमाना असल्यानं भोपाळातल्या हौशी पोरांनाही कन्टेंडर माहीत असतं. प्रश्न ठरलेला, ‘परवाना काढला तर असलं एक घेता येईल का?’ याचं उत्तर त्या पिस्तुलापेक्षा आपल्या कायद्यात जास्त आहे.

१९५९च्या शस्त्र कायद्यात ‘अग्निशस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राचे सुटे भाग येतात. म्हणजे सुटी नळी हीदेखील कायद्याच्या लेखी अग्निशस्त्रच. ती दुर्बिणीसारखी दुकानातून उचलून आणता येत नाही, तिला परवान्याचा आधार लागतो. त्यात २०१९च्या दुरुस्तीनं सामान्य परवानाधारकाची शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. एका सांगाड्यावर दहा नळ्या हे तिकडचं सुख इथं पहिल्याच पायरीवर अडखळतं.

दुसरी पायरी बोअरची. सरकारी ९ मिलिमीटर आणि .४५ची काडतुसं ज्यात बसतात ती पिस्तुलं आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. .३०३ आणि ७.६२च्या रायफलींचंही तेच. अमेरिकन माणूस ज्या नळ्या सहज मागवतो, त्यातल्या कितीतरी इथं कलेक्टर कचेरीच्या अखत्यारीतच येत नाहीत, ती फाइल थेट केंद्रीय गृहमंत्रालयात जाते. मुख्यतः उरतात .२२ आणि .३२. काडतुसांची गोष्टही अशीच. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात नागरिकांसाठी .३२, .३१५ आणि १२ बोअरची काडतुसं बनतात. जे बोअर इथं बनत नाही, त्याची नळी घेऊन भिंतीवर टांगायची का? आणि परदेशी पिस्तूल आयात करायची मुभा सामान्य परवानाधारकाला नाहीच, ती नामांकित नेमबाजांपुरती राखलेली आहे.

तिसरं कारण जंगलाचं. कन्टेंडर वाढलं ते हातबंदुकीनं शिकार करणाऱ्यांच्या जिवावर. भोपाळला शिकारीचा इतिहास कमी नाही. नवाब हमीदुल्ला खानांच्या काळात चिकलोदच्या रानात मोठमोठ्या शिकारी झाल्या. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो दरवाजा लावला आणि शेजारचं रातापानी २०२४च्या डिसेंबरात व्याघ्र प्रकल्प झालं. ज्या कामासाठी हे हत्यार घडलं, ते कामच इथं गुन्हा आहे. मला यात दुःख वाटत नाही.

नळी हीच वादाची वस्तू ठरण्यात आपण एकटे नाही. कन्टेंडरच्या संचात पिस्तुलाबरोबर २१ इंची नळी आणि खांद्याचा दस्ता मिळायचा. दस्ता लावून आखूड नळीच ठेवली तर ती आखूड नळीची रायफल होते आणि तिला १९३४च्या अमेरिकन कायद्यानं तेव्हा २०० डॉलर कर लागायचा. मग नुसता संच विकला तर कर द्यायचा की नाही? हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जून १९९२मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी कंपनीच्या बाजूनं निकाल लागला. आपल्याकडे एवढा कीस काढायची वेळच येत नाही, व्याख्येतच गाठ मारून ठेवली आहे.

एका बाराची हातबंदूक आपल्या भागात नाही असं मात्र नाही. बातम्यांत वरचेवर सापडणारा गावठी कट्टा बहुतेक वेळा एकच काडतूस घेतो. मध्य प्रदेशातला बडवानी जिल्हा आणि महाराष्ट्रातला चोपडा तालुका यांच्या सीमेवरचं उमर्टी हे नाव गावठी शस्त्रांच्या छाप्यांत पुन्हा पुन्हा येतं. कट्ट्याला ना दाबाची चाचणी, ना नेम. फुटला तर धरणाऱ्याचाच हात जातो. विनापरवाना शस्त्र बनवण्याला किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे.

मग नळ्या बदलण्याची हौस कुठं भागते? भोपाळच्या मोठ्या तलावापलीकडे, गोरा गावाजवळच्या मध्य प्रदेश राज्य नेमबाजी अकादमीत. २०२३च्या मार्चमध्ये इथं विश्वचषक स्पर्धा झाली, सरबज्योत सिंगनं १० मीटर एअर पिस्तुलात सुवर्ण घेतलं आणि मनू भाकरनं २५ मीटरमध्ये कांस्य. भोपाळचीच चिंकी यादव २५ मीटर पिस्तुलातली. त्या प्रकारात वॉल्थर जीएसपीसारखी पिस्तुलं असतात, ज्यांच्या एकाच मुठीवर .२२चा किंवा .३२चा वरचा भाग बसतो. स्टँडर्ड पिस्तूल .२२नं खेळायचं, सेंटर फायर .३२नं. जसपाल राणानं २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेत सेंटर फायरमध्ये ५९० गुण करून विश्वविक्रमाची बरोबरी केली होती. ही पिस्तुलं पाच गोळ्यांची असली तरी कन्टेंडरची मूळ कल्पना, चाप आणि मूठ ओळखीची ठेवून बोअर बदलण्याची, इथं कामाला येते. आंतरराष्ट्रीय पदकविजेत्या आणि नामांकित नेमबाजांना २०२०पासून, किती प्रकारांत ते नामांकित आहेत त्यानुसार, कमाल १२ जादा शस्त्रं ठेवता येतात.

अस्सल एका गोळीचं पिस्तूल ५० मीटर फ्री पिस्तुलाचं. .२२ बोअर, दहाचं वर्तुळ अवघं ५० मिलिमीटरचं, चापाच्या वजनाला खालची मर्यादाच नाही. १८९६च्या अथेन्सपासून ऑलिंपिकशी नातं असलेला हा प्रकार रिओनंतर वगळला गेला. जितू रायनं २०१४च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत त्यात सुवर्ण जिंकलं आणि २०१८मध्ये ओमप्रकाश मिठरवाल विश्वविजेता झाला, तेव्हा ऑलिंपिकचं दार बंद झालेलं होतं. माझ्या मते नेमबाजीचं यात नुकसान झालं, कारण पुढची गोळी भरण्यात जाणारा वेळ हाच त्या खेळाचा कस होता.

तो कस आज एअर पिस्तुलात शिल्लक आहे. स्पर्धेत एका वेळी एकच छर्रा भरतात, १० मीटरवर दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं आणि चाप निदान ५०० ग्रॅमचा लागतो. .१७७ बोअर आणि २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीला परवान्याची गरज नाही. विचारायला येणाऱ्या पोराला मी हेच घे म्हणतो. फक्त जुनं विकत घेताना मुठीआधी हवेच्या टाकीवरची तारीख वाचावी, कारण टाकीचं आयुष्य दहा वर्षांचं धरतात आणि स्पर्धेच्या तपासणीत ती जबाबदारी खेळाडूचीच असते.