गंजरोधन, जुन्या बसगाड्यांचे

जतन करावयाच्या जुन्या बसगाड्या उघड्यावर उभ्या असताना त्यांच्या तळभागातील पोलादी घटकांचे गंजण्यापासून रक्षण करण्याची पद्धती. तळभागात चासिसची चौकट, तिचे आडवे दांडे, पाटे, आस, चाकांवरील कमानी व फरशीचे आधार यांचा समावेश होतो. बाहेरचा पत्रा बदलता येतो. परंतु चौकट आतून झिजल्यास गाडीचे बल नष्ट होते व ती चालविणे धोक्याचे ठरते.

महाराष्ट्रात राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) मार्गावर धावली. १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झाले. धुळे व जळगाव येथे त्याची विभागीय कार्यालये आहेत. महामंडळाच्या दापोडी (पुणे) इ. मध्यवर्ती कार्यशाळांत पोलादी चासिसवर ॲल्युमिनियमच्या पत्र्याची बॉडी बांधण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. सेवेतून काढलेल्या गाड्या सामान्यतः भंगारात जातात. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या शासकीय व राज्य परिवहन उपक्रमांच्या गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरणही बंद झाले. त्यामुळे मूळ चासिससह टिकलेली बस दुर्मिळ होत चालली आहे.

कारणे : लोखंडाची पाणी व ऑक्सिजन यांच्याशी विक्रिया होऊन सजल फेरिक ऑक्साइड म्हणजे गंज तयार होतो [⟶ गंजणे]. सापेक्ष आर्द्रता सु. ६० ते ७० टक्क्यांपलीकडे गेल्यास ही क्रिया झपाट्याने वाढते. क्लोराइडी लवणांमुळे ती याहून कमी आर्द्रतेतही सुरू होते. गंजाचे घनफळ मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने सांध्याच्या फटीत तो फुगतो व रिव्हेट ताणले जातात. ॲल्युमिनियम व पोलाद ओलसर अवस्थेत एकमेकांस भिडल्यास विद्युत् घट तयार होऊन बहुधा ॲल्युमिनियम झिजते. म्हणून दोहोंमध्ये रंगाचा किंवा रबरी पट्टीचा निरोधक थर ठेवतात.

खानदेश समुद्रापासून दूर आहे व तेथील उन्हाळा कडक व कोरडा असतो. त्यामुळे तेथे गंजाचे भय नाही, असा समज होण्याचा संभव असतो. तो बरोबर नाही. पावसाळ्यात काळी जमीन पाणी धरून ठेवते व तिच्यातील बाष्प थेट चौकटीखाली साचते. हिवाळ्यात, विशेषतः बागायती शेताजवळ, पहाटे थंड पोलादावर दव जमते. केळीसारख्या पिकांना पोटॅशियम क्लोराइड हे खत देतात. अशी खते ठेवण्याच्या जागेशेजारी बस उभी करणे अयोग्य होय.

उपाय : काळी जमीन भिजली की फुगते व वाळली की आकसून भेगाळते, तीवर थेट ठेवलेले टेकू खचून गाडी कलते. म्हणून जमीन खोदून मुरूम दाबून भरतात, वर काँक्रीटचा उतरता ओटा घालतात आणि आसांखाली भक्कम टेकू देतात. केवळ जॅकवर गाडी ठेवून तिच्याखाली शिरू नये.

तळभागाची दुरुस्ती एप्रिल-मे मध्ये करणे सोयीचे असते. प्रथम कमानींतील व आडव्या दांड्यांवरील चिखल काढून तळ गोड्या पाण्याने धुतात. पाण्याचा निचरा करणारी छिद्रे मोकळी करतात व गाडी पूर्ण वाळू देतात. सुटा गंज तारेच्या ब्रशाने खरवडून झिंक फॉस्फेटयुक्त प्राथमिक लेप व त्यावर इनॅमल रंग देतात. शेंदूर व झिंक क्रोमेट हे जुने लेप प्रभावी असले, तरी विषारी आहेत; त्यांचे जुने थर कोरडे घासू नयेत. पोकळ दांड्यांत मेणयुक्त तेल फवारतात. डांबरी लेप गंजावरच दिल्यास तो कालांतराने तडकतो व त्याखाली पाणी अडकून झीज दृष्टीआड वाढते. एंजिनचे वापरलेले तेल फासण्याची प्रथाही हानिकारक आहे. त्यात अम्ले असतात, त्याने रबरी भाग फुगतात व जमीन दूषित होते.

ताडपत्री गाडीभोवती जमिनीपर्यंत गुंडाळल्यास बाष्प आत कोंडते. त्याऐवजी चारही बाजूंनी मोकळी, पत्र्याची उंच छपरी अधिक उपयुक्त ठरते. पावसाळ्यापूर्वी व ऑक्टोबरमध्ये तळाची तपासणी करून लेप उडालेल्या जागा लगेच दुरुस्त करतात. हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज येणारा किंवा टोच्याने भोक पडणारा भाग रंगाने झाकून चालत नाही; तो कापून त्या जागी त्याच जाडीचे पोलाद बसवावे लागते.