बोली लागली, पैसे कुठं आहेत?



राष्ट्रीय कृषी बाजार, म्हणजे ज्याला आपण ई-नाम म्हणतो, तो १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाला. त्यात सामील असलेल्या बाजार समित्यांत मालाची बोली संगणकावर आणि मोबाईलवर लागते. फाटकावर नोंद होते, वक्कलाला नंबर पडतो, मालाची तपासणी होते आणि ठरलेल्या वेळेत व्यापारी बोली लावतात. वरचा भाव पटला तर आपण होकार द्यायचा, नाही पटला तर नकार. ही रीत बऱ्याच जणांच्या अंगवळणी पडली आहे, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. आज बोलायचं आहे ते पुढच्या भानगडीविषयी. भाव फुटला, होकार दिला, माल मोजला, आणि बोली लावणारा पैसेच देईना, तर काय करायचं?

आधी थोडा हिशेब करू. समजा, २२ क्विंटल सोयाबीन आहे. एकाने ४,४५० रुपये बोली केली, दुसऱ्याने ४,३५०. फरक क्विंटलला शंभराचा, म्हणजे सगळा मिळून २,२०० रुपयांचा. पण पहिला गडी पैसे बुडवणारा निघाला, तर जाणार ते २,२०० नव्हे, ९७,९०० रुपये! वर्षाची मेहनत, बियाणं, खत, सोसायटीचं कर्ज, सगळं त्यात आलं. म्हणून होकार देण्याआधी भावाबरोबर माणूसही पाहा. ज्यांनी मागच्या आठवड्यात त्याला माल घातला, त्यांना सरळ विचारा, "पैसे किती दिवसांनी मिळाले?"

नियमित बाजारात विकलेल्या मालाचे पैसे त्याच दिवशी चुकते व्हावेत, असा नियम आहे. ई-नामवर तर रक्कम थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात भरण्याची सोय आहे. तेव्हा "पुढच्या बाजारला या" हे उत्तर ऐकून घेऊ नका. शक्य असेल तिथं खात्यात पैसे जमा झाल्याचा निरोप मोबाईलवर आल्याशिवाय गाडी भरू देऊ नका. व्यापारी म्हणेल, "एवढा विश्वास नाही का?" विश्वास आहे हो, पण बँकेचा हप्ता विश्वासावर फिटत नाही.

कधी असंही होतं की भाव उतरला की बोली लावणारा मोजणीच्या वेळी म्हणतो, "माल नमुन्याप्रमाणे नाही, दोनशे कमी करा." अशा वेळी पोती हलवू नका. समितीच्या निरीक्षकाला तिथंच बोलवा, तपासणीचा कागद पुढं ठेवा आणि सौदा मोडणार असेल तर त्याच दिवशी फेरलिलाव मागा. मात्र आपली बाजूही साफ हवी. तोंडाशी निवडलेला दाणा आणि बुडाशी माती-काडी असं पोतं भरलं असेल, तर निरीक्षक तरी काय करणार?

आता धनादेशाचं. व्यापारी पुष्कळदा पुढच्या तारखेचा धनादेश देतात. त्या तारखेआधी तो वटत नाही, आणि तारखेपासून तीन महिन्यांनंतर तो शिळा होतो. खात्यात पैसे नाहीत म्हणून तो परत आला, तर बँकेकडून परतीचा कागद आवर्जून घ्या. तो कागद मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत व्यापाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस पोचल्यावर पैसे देण्यासाठी त्याला १५ दिवस मिळतात. तेवढ्यात दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात फिर्याद करायची. या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. बरेच जण कायदा नाही म्हणून बुडत नाहीत, तर "देतो, देतो" ऐकत हे ३० दिवस घालवतात म्हणून बुडतात. हेलपाटे घाला, पण नोटीसही पाठवा.

काही जण अजून २०२० च्या केंद्राच्या कायद्यातल्या तीन दिवसांच्या मुदतीचा दाखला देतात. तो कायदा २०२१ मध्ये मागे घेतला गेला, त्याच्या आधारावर आता जाऊ नका. तक्रार आधी बाजार समितीच्या सचिवांकडे द्यावी. तिथं दाद लागली नाही, तर तालुक्याचे सहाय्यक निबंधक किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे जावं. सौदापट्टी, काटापट्टी, हिशेबपट्टी आणि बँकेचं पासबुक यांच्या नकला जोडाव्यात, आणि अर्जाच्या आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी तक्रारीचा माग राहत नाही.

इथं एक अडचण येते, तीही सांगतो. "उद्या याच व्यापाऱ्यापुढं माल न्यायचाय, मग वाकडं कशाला घ्या?" असं म्हणून माणसं गप्प बसतात. ही भीती फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेतल्या ईबे या इंटरनेटवरच्या लिलाव-बाजारात १९९६ पासून विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने एकमेकांबद्दल शेरा लिहायची पद्धत होती. पण आपण वाईट शेरा लिहिला की समोरचाही सूड म्हणून तसाच लिहील, या धाकाने गिऱ्हाईक खरं लिहिनासं झालं. शेवटी २००८ साली विकणाऱ्याने गिऱ्हाईकाला वाईट शेरा देणंच तिथं बंद केलं.

आपल्याकडे यावर उपाय म्हणजे एकट्याने न जाणं. गावातल्या गटाने किंवा शेतकरी कंपनीने एक साधी वही घालावी. तारीख, व्यापाऱ्याचं नाव आणि परवाना नंबर, माल किती, बोली काय, पैसे कोणत्या तारखेला मिळाले, एवढंच लिहायचं. शिव्याशाप नकोत आणि ऐकीव गोष्टीही नकोत. ज्याने वेळेवर दिले त्याचीही नोंद करा, त्यालाही गिऱ्हाईक मिळू दे. तीन-चार जणांचे पैसे एकाच व्यापाऱ्याकडे अडकलेले दिसले, की सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज समितीत द्यावा आणि त्याच्या परवान्याबद्दल व अनामतीबद्दल समिती काय करणार, हे लेखी विचारावं.