फर्निचरची पोच आणि जोडणी : पैसे कोणी, किती आणि केव्हा द्यावेत?

घर नव्याने मांडायचे म्हटले की पलंग, कपाट, सोफा आणि टेबल-खुर्च्यांची खरेदी आलीच. दुकानात भाव ठरतो, बयाना दिला जातो आणि दुकानदार सांगतो, "माल घरपोच मिळेल, फिटिंग फ्री." प्रत्यक्षात टेम्पो इमारतीखाली उभा राहतो तेव्हा हमाल म्हणतो, चौथा मजला आहे, वर चढवायचे वेगळे पैसे. दुसऱ्या दिवशी मिस्त्री येतो, काम करतो आणि चहापाण्यासाठी दारात घुटमळतो. ग्राहकाला वाटते आपण फसलो. मिस्त्रीला वाटते, मेहनत करूनही आपल्याला हात पसरावा लागला. लग्नाच्या मोसमात तर हा प्रकार रोजचाच असतो.

आमचा धंदा कापडाचा. कापडाच्या धंद्यात हा घोळ फारसा होत नाही. गाठ ट्रान्सपोर्टला टाकली की बिल्टीवर 'पेड' की 'टू पे' हे लिहिलेले असते. 'पेड' म्हणजे भाडे पाठविणाऱ्याने भरले, 'टू पे' म्हणजे माल सोडवून घेणाऱ्याने भरायचे. माल गोदामावर मिळणार की दारात, हेही आधीच ठरलेले असते. भिवंडी-मालेगावचा लहानातला लहान व्यापारीसुद्धा हे विचारल्याशिवाय सौदा पक्का करीत नाही. तोच व्यापारी घरासाठी हजारो रुपयांचे फर्निचर घेताना मात्र यातले काहीच विचारीत नाही. आपल्या वाचकांत फर्निचर विकणारे आहेत, ते बनविणारे व जोडणारे कारागीर आहेत, आणि विकत घेणारे तर सगळेच आहेत. म्हणून हा विषय आम्ही येथे मांडत आहोत.

एका शब्दात चार कामे

'घरपोच' हा शब्द एक असला तरी त्यात चार निरनिराळी कामे असतात आणि ती बहुधा निरनिराळी माणसे करतात.

पहिले काम वाहतुकीचे, म्हणजे दुकानापासून इमारतीच्या फाटकापर्यंतचे टेम्पोभाडे. दुसरे काम हमालीचे, फाटकापासून खोलीपर्यंत. लिफ्ट आहे की नाही, असल्यास तिच्यात कपाटाची फळी मावते की नाही, जिना किती रुंद आहे, यावर हमाली ठरते. तिसरे काम जोडणीचे. ते सुतार किंवा फिटिंग मिस्त्री करतो. चौथे काम राहून गेलेल्या गोष्टींचे : पुठ्ठा व थर्माकोल उचलणे, जुना पलंग खाली नेणे, भिंतीला भोके पाडून आरसा वा फळी बसविणे.

'घरपोच' म्हणताना दुकानदाराच्या मनात बहुधा पहिलेच काम असते. ग्राहकाच्या मनात चारही असतात. भांडणाचे मूळ येथेच आहे.

फुकट काहीच नसते

या चार कामांना वेळ आणि अंगमेहनत लागते. त्यामुळे ती फुकट होऊ शकत नाहीत, फक्त त्यांचा खर्च कोठेतरी झाकलेला असतो. एक तर तो वस्तूच्या भावात मिळविलेला असतो, नाहीतर हमाल व मिस्त्री यांची मजुरी कापून भागविलेला असतो.

स्वीडनच्या आयकिया कंपनीचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. या कंपनीने १९५६ पासून फर्निचर सुटे करून चपट्या खोक्यांत विकण्यास सुरुवात केली. गाडीत माल जास्त मावू लागला, मोडतोड कमी झाली आणि भाव उतरला. पण भाव उतरण्याचे आणखी एक कारण होते. खोके घरी नेण्याचे आणि ते जोडण्याचे काम ग्राहकाच्या अंगावर आले होते. ज्यांना ते जमत नव्हते त्यांना माणूस शोधावाच लागला. पुढे २०१७ मध्ये याच कंपनीने घरगुती कामांसाठी माणसे मिळवून देणारी अमेरिकेतील टास्करॅबिट ही कंपनी विकत घेतली. आयकियाचे दुकान २०१८ मध्ये हैदराबादेत आणि २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत उघडले. आपल्याकडे सुतार घरी बोलावून काम करून घेण्याची सवय जुनी आहे, त्यामुळे येथे बहुतेक ग्राहक जोडणीसाठी माणूसच मागतो. उल्हासनगरच्या किंवा जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातून माल घेणाराही तेच मागतो. जोडणीचा खर्च कोठेच टळत नाही, तो कोणाच्या हिशेबात लिहायचा एवढेच ठरवायचे असते.

कायदा काय म्हणतो

मालविक्रीचा कायदा १९३० सालचा आहे आणि तो आजही लागू आहे. त्याच्या कलम ३६ नुसार, वेगळा करार नसेल तर माल विक्रीच्या वेळी जेथे असेल तेथेच त्याची पोच द्यायची असते. म्हणजे काहीच ठरले नसेल, तर दुकानातून माल उचलून नेणे हे ग्राहकाचे काम ठरते. घरी पोचविण्याचे दुकानदाराने कबूल केले असेल तर तो त्याला बांधील आहे, पण ते सिद्ध करायला कागद हवा.

त्याच कलमात पुढे असे आहे की, माल पोच देण्याजोग्या स्थितीत आणण्याचा खर्च, वेगळे ठरले नसल्यास, विकणाऱ्याचा. कलम २१ प्रमाणे विकणाऱ्याने मालावर काही काम करून द्यायचे ठरले असेल, तर ते काम पुरे होऊन ग्राहकाला तशी खबर मिळेपर्यंत मालकी ग्राहकाकडे जात नाही. आणि कलम २६ नुसार, वेगळे ठरले नसल्यास, नुकसानीची जोखीम मालकीबरोबर जाते. म्हणून बिलावर नुसते 'पलंग' न लिहिता 'पलंग, चौथ्या मजल्यावर जोडून देणे' असे लिहून घेतले, तर जोडणीपूर्वी फळी तुटल्यास दुकानदाराला हात झटकणे कठीण जाते. याउलट ग्राहकाने स्वतःचा टेम्पो आणला, तर माल टेम्पोत चढल्यानंतरची जोखीम बहुधा त्याचीच.

ऑनलाइन खरेदीसाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. विक्रेत्याने एकूण किंमत आणि तिची फोड, पोचविण्याच्या खर्चासह, दाखविली पाहिजे. आधी कमी भाव दाखवून शेवटी आकार वाढविण्याच्या युक्तीवर २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढून बंदी घातली. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे अर्ज करता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

कराचा हिशेब

लाकडी व लोखंडी फर्निचरवर जीएसटी १८ टक्के आहे. बांबू व वेताच्या फर्निचरवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे. दुकानदाराने वस्तूबरोबरच पोच व जोडणी आकारली, तर ती रक्कम वस्तूच्या किमतीतच धरली जाते आणि तिच्यावरही वस्तूचाच दर लागतो.

समजा, कपाट व पलंगाची किंमत २८,००० रुपये आणि पोच-जोडणीचे २,००० रुपये दुकानदारच आकारतो. कर ३०,००० वर म्हणजे ५,४०० रुपये. तेच ग्राहकाने नुसता माल घेतला तर कर २८,००० वर म्हणजे ५,०४० रुपये. ३६० रुपये वाचले. मात्र बाहेरच्या मिस्त्रीच्या हातून दार वाकडे बसले, तर दुकानदार म्हणणार मिस्त्रीची चूक, आणि मिस्त्री म्हणणार मालच वाकडा होता. एवढ्या रकमेसाठी जबाबदारी दोघांत वाटून टाकायची की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. सुट्या, जोडणीच्या फर्निचरबाबत आमचा सल्ला एकाच हाताकडून काम घेण्याचा आहे. पार्टिकल बोर्डमध्ये स्क्रू एकदाच नीट बसतो. दोन-तीन वेळा काढून घातला की भोक सैल होते आणि बिजागरी धरत नाही.

हमाल आणि मिस्त्री

या व्यवहारात सर्वात कमी बोलणारा आणि सर्वात जास्त सोसणारा माणूस म्हणजे पाठीवर कपाट घेऊन जिना चढणारा हमाल. दुकानदाराने त्याला पैसे दिले आहेत की नाहीत, हे ग्राहकाला ठाऊक नसते. मिस्त्री तर अनेक ठिकाणी नगावर काम करतो. भाग कमी निघाला आणि दुसरी फेरी पडली की त्याचा दिवस बुडतो. मजुराला कामाआधी मजुरी सांगावी आणि काम होताच ती द्यावी, ही शिकवण आपल्या घरांत लहान मुलालाही ठाऊक असते. 'फिटिंग फ्री' या दोन शब्दांनी नेमकी तीच मोडली जाते. मजुरी चहापाणी होते आणि हक्काची रक्कम मेहेरबानी बनते.

एक खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा कष्टकऱ्यांच्या संरक्षणासाठी झाला. मंडळाकडे नोंदलेला कामगार वेगळा आणि ओझ्याला हात न लावता फाटकावर रक्कम मागणारे टोळके वेगळे. पहिल्याची मजुरी त्याचा हक्क आहे. दुसऱ्याला काही देणे लागत नाही, तेथे पोलिसांकडे जावे.

करावयाच्या गोष्टी

ग्राहकाने आधी दार, जिना, लिफ्ट आणि छत मोजावे. सात फूट उंच व दोन फूट खोल कपाट जमिनीवर आडवे जोडून उभे करायचे, तर सुमारे सात फूट साडेतीन इंच मोकळी उंची लागते. पोटमाळ्याच्या खोलीत ते उभे राहणार नाही. बिलावर मजला, हमाली आणि जोडणी स्पष्ट लिहून घ्यावी. दहा टक्के रक्कम जोडणी झाल्यावर देण्याचे ठरवावे. दारे-खण उघडून पाहिल्याशिवाय मिस्त्रीच्या कागदावर सही करू नये. मुलीच्या लग्नाचे सामान दुसऱ्याच्या घरी जाणार असेल, तर हमाली आधीच चुकती करावी. व्याह्यांच्या दारात त्यावरून वाद होणे शोभत नाही.

दुकानदाराने बिलात तीन ओळी कराव्यात : माल, पोच, जोडणी. भाव एकदम मोठा दिसेल ही भीती खरी आहे. पण दारातल्या भांडणानंतर तो ग्राहक पुन्हा येत नाही, हे नुकसान त्याहून मोठे.

कारागिराने आपले दरपत्रक छापून घ्यावे : पेटीचा पलंग, दोन दारी कपाट, तीन दारी कपाट, प्रत्येकाची जोडणी इतकी. भिंतीत भोके पाडण्याचे वेगळे. दुकानातून भाग कमी आल्यास दुसऱ्या फेरीचे पैसे दुकानदाराकडून, स्वतःच्या चुकीची दुरुस्ती मात्र ठराविक दिवसांत विनामूल्य. असा कागद हाती असलेल्या मिस्त्रीला दारात घुटमळावे लागत नाही. तो पावती देतो, पैसे मोजून घेतो आणि पुढच्या कामाला जातो.