सुंदरबन : वाघ दिसो न दिसो, बांध पाहून या

खळं आटोपून कापूस-सोयाबीनचे दोन पैसे हातात आले की घरात फिरायला जायचा विषय निघतो. बहुतेकांची गाडी तिरुपतीला, नाही तर गोव्याला जाते. यंदा बचत गट किंवा शेतकरी गट मिळून पश्चिम बंगालच्या सुंदरबनला जाऊन या, असं मी सुचवतो. गंगा समुद्राला मिळते तिथलं हे खारफुटीचं जंगल. 1984 साली ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि 1987 साली जागतिक वारसा यादीत गेलं. नाव मोठं, म्हणून खर्चही मोठाच असेल असं समजू नका. जायची रीत ठाऊक असली म्हणजे झालं.

मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस नाशिक रोड, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा, नागपूर अशी जाते. पुण्याकडच्या लोकांना आझाद हिंद आहे. मुंबईहून स्लीपरचं तिकीट साताठशे रुपयांच्या घरात पडतं, नागपूरहून त्याहून कमी. आरक्षण मात्र आधी करा. संक्रांतीच्या सुमारास गंगासागरच्या यात्रेमुळे गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते, ते दिवस टाळा. गंगासागरचा रस्ताही वेगळा आहे, दोन्ही एका फेरीत उरकू म्हणाल तर एकही नीट होणार नाही.

हावडा स्टेशनाबाहेर सहलवाले ‘दोन रात्री तीन दिवस, सगळं आमच्याकडे’ म्हणत कागद पुढे करतील. सगळेच लबाड असतात असं नाही. पण त्या पैशात एसी बस, हॉटेल, रात्रीचा नाचगाण्याचा कार्यक्रम हे सगळं आलं, आणि आपल्याला त्याची गरज काय? हावड्याहून मेट्रोने किंवा बसने सियालदहला या. तिथल्या दक्षिण विभागातून कॅनिंगची लोकल सुटते. चहा-वड्याच्या पैशात सव्वा तासात कॅनिंग. पुढे शेअर ऑटोने गोदखाली, होडीने नदी पार करून गोसाबा, तिथून टोटोने (आपल्याकडची ई-रिक्षा) पाखिरालय. उद्यानाच्या दारातलं हे मुक्कामाचं गाव. समोर नदीपलीकडे सजनेखाली, वनखात्याचं ठाणं. गाडी दुपारी हावड्याला पोचली तर ती रात्र कोलकात्यातच काढा आणि सकाळची लोकल पकडा. अंधारात होड्या बदलत बसू नका, बायका-मुलं सोबत असतील तर मुळीच नाही.

खरा खर्च बोटीचा. उद्यानात पायी फिरता येत नाही, सगळं बोटीतून. बोटीचं भाडं पुरं द्यावं लागतं, माणसं दोन असोत की पंधरा. म्हणून एकट्यादुकट्याने गेलात तर महाग, दहा-पंधरा जणांत वाटलं तर सोसेल असं. ठरवताना स्पष्ट विचारा : डिझेल, परवाना, गाईड आणि जेवण धरून भाव आहे की वेगळा? गाईड घ्यावाच लागतो. प्रत्येकाने आधार कार्ड आणि त्याची झेरॉक्स जवळ ठेवा. माळकरी मंडळी असतील तर आदल्या दिवशीच सांगा, नाही तर ताटात मासळी येणारच. बोली बंगाली असली तरी हिंदीवर भागतं. जायचे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात जंगल बंद असतं, म्हणून निघण्याआधी वनखात्याकडे फोनवर चौकशी करा.

वाघ दिसेलच असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका. 2022 च्या गणनेत भारताच्या बाजूला शंभराच्या आसपास वाघ होते आणि जंगल अफाट. मगर, चितळ, घोरपड, खंड्या पक्षी मात्र दिसतात. नावाड्याला ओहोटीची वेळ साधायला सांगा. पाणी उतरलं की चिखलातून वर आलेली खारफुटीची श्वासमुळं दिसतात आणि मगरी काठावर ऊन खात पडतात.

आता आपल्या कामाचं. एक दिवस बोट सोडून गावात फिरा. भारतीय सुंदरबनात 102 बेटं, त्यांतल्या 54 बेटांवर वस्ती. तिथली जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. मातीचे बांध आहेत म्हणून गावं आहेत. हे बांध सुमारे साडेतीन हजार किलोमीटर लांबीचे. कोकणातली खारबंदिस्ती पाहिलेल्यांना कल्पना येईल. 25 मे 2009 च्या ‘आयला’ वादळात बांध फुटले, खारं पाणी शेतात शिरलं आणि कित्येकांना दोन-तीन वर्षं भाताचं पीक घेता आलं नाही. मे 2020 मध्ये ‘अंफान’ने पुन्हा तेच केलं. पुढे जंगल उभं असलं की लाटेचा जोर त्यात मरतो, हे तिथला अडाणी माणूसही सांगतो. आपण मात्र नाल्याकाठची झाडं तोडून शेत वाढवतो.

तिथला शेतकरी हात बांधून बसलेला नाही. कॅनिंगला क्षारयुक्त जमिनीवर संशोधन करणारं केंद्र सरकारचं प्रादेशिक केंद्र आहे. शेताच्या पाचव्या हिश्श्यात तळं खणायचं, निघालेल्या मातीने बाकीची जमीन उंच करायची, तळ्यात पावसाचं गोडं पाणी आणि मासे, उंचावर भाजीपाला, खाली भात. आपलं शेततळं नुसतं साठवणीला, तिथं त्याच खोदाईत जमीनही सुधारते. आपल्या खारजमिनीसाठी पनवेलच्या केंद्राने काढलेल्या भाताच्या जाती आहेत, तशा तिथं नोना बोकरा, मातला अशा जुन्या जाती खारपणा सोसतात. ‘नोना’ म्हणजे खारट.

सरपंच आणि सोसायटीच्या सचिवांनी गोसाब्यात हॅमिल्टनचा बंगला पाहावा. डॅनियल हॅमिल्टन या स्कॉटिश माणसाने 1903 मध्ये ही बेटं घेऊन सावकाराच्या पाशातून कुळं सोडवायला सहकारी पतपेढ्या काढल्या. 1936 मध्ये तर इथं चालणारी स्वतःची एक रुपयाची नोट छापली. 1932 साली रवींद्रनाथ ठाकूर हे काम पाहायला आले होते. आपल्याकडे वर्षाअखेरीला सोसायटीची थकबाकी मोजताना हे आठवायला हरकत नाही.

शक्य तर गावातल्याच घरगुती मुक्कामाला उतरा. स्वस्त पडतं आणि पैसा तिथंच राहतो. खेकडे आणि मध आणायला जंगलात जाऊन न परतलेल्यांची घरं त्या गावांत आहेत. पर्यटकांच्या मुक्कामाचे चार पैसे मिळाले तर तेवढ्या फेऱ्या टळतात. मध घ्यायचाच तर तिथल्या माणसाकडून घ्या. पिण्याचं पाणी जपून वापरा. गोडं पाणी हजारेक फूट खोल कूपनलिकेतून येतं आणि एका नळावर अख्खी आळी अवलंबून असते. प्लॅस्टिक नेऊ नका, पाण्याच्या बाटल्या परत आणा. सोबत टॉर्च, जाड चादर, तापावरची गोळी आणि सुटे पैसे ठेवा. होडीवाल्याकडे पाचशेची नोट मोडत नाही.